मागे बघत गेलेला लुकियान

माझा भाऊ लुकियान गाडीत कधी पुढे बसला नाही. गवताची गाडी असो की बर्फावरची घसरगाडी, तो आपला मागच्या फळीवर पाय सोडून बसायचा आणि सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं वाटेवर टाकत जायचा. पुढून आई बोलायची, "कुठे चाललोय ते बघायलाच नको या पोराला. कुठून आलो तेवढंच बघतो." तो म्हणायचा, "पुढचं बघायला घोडे आहेत की, आई."

आमच्या सपाट सस्कॅचेवन प्रांतात मागे बघण्यासारखं होतं तरी काय? गहू, गव्हावरून चालत जाणारी ढगाची सावली, आणि लहान लहान होत जाणारा आमच्या देवळाचा घुमट. गुरांच्या डबक्याहून मोठं पाणी लुकियानने पाहिलं नव्हतं. पोहणं तर दूरच. आणि हाच पोर विसाव्या वर्षी बॉम्बफेकी विमानातून समुद्र ओलांडू लागला. चणीने लहान, म्हणून त्याला मशीनगन देऊन विमानाच्या शेपटीत बसवलं होतं. एका रात्री इंग्लंडहून निघालेलं त्याचं विमान समुद्रावरच पेटलं. बरोबरच्या विमानांनी ते पाण्यात पडताना पाहिलं. आतल्या कुणाचंच काही हाती लागलं नाही. टोपीसुद्धा नाही.

गावात कुणी गेलं की आईला बोलावणं यायचं. आमच्या लोकांत मेलेल्याला गाऊन निरोप देतात, आणि तसं गाणारी पंचक्रोशीत आईसारखी दुसरी नव्हती. ती उशाशी बसायची, चेहऱ्याकडे बघायची आणि पहिली ओळ लावायची. ती ओळ ठरलेली: 'वळव रे मुख तुझं, एकदाच माझ्याकडे.' पुढचं तिला आपोआप सुचत जायचं. बाबांसाठी ती गायली. शेजारच्या तान्हुलीसाठी गायली. लुकियानसाठी मात्र तिच्या तोंडून अक्षर फुटलं नाही.

बायका समजावायच्या, एकदा गाऊन मोकळी हो, पोराचा जीव वाटेत अडकला असेल. आई एवढंच विचारायची, "मुख वळव म्हणू, पण कोणत्या दिशेला बसून म्हणू?"

लढाई संपून बरीच वर्षं झाली, तेव्हा सरकारने उत्तरेकडच्या बिननावाच्या तळ्यांना आमच्या मेलेल्या पोरांची नावं द्यायला घेतली. एक तळं होरोडेन झालं. होरोडेन म्हणजे आम्ही. आई म्हणाली, "पाण्याने नेला, आणि बदल्यात पाणीच देतायत होय." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण एका हिवाळ्यात ती आजारी पडली, उठली ती निम्मी होऊन. बर्फ वितळल्यावर मला म्हणाली, "पारास्का, मला तिथे घेऊन चल. हे गाणं पोटात घेऊन मला मातीत जायचं नाही."

तिकडे रस्ता नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान घ्यावं लागतं. वैमानिक हारासिम आमच्याच भाषेतला निघाला, शेजारच्या जिल्ह्यातला. आईच्या हातातलं गाठोडं उचलून बघत तो म्हणाला, "मावशी, बटाटे आणलेत काय? विमानाला झेपायला हवं."

"बटाटे नाहीत. शेत आहे," आई म्हणाली.

गाठोड्यात आमच्या शेतातली माती होती. शवपेटीवर मूठमूठ टाकतात ती, लुकियानच्या वाट्याची. हारासिमने गाठोडं दोन्ही हातांनी आत ठेवलं.

खाली जंगल सुरू झालं आणि मग पाणीच पाणी, जणू कुणी आकाश फोडून त्याचे तुकडे देवदारांत पेरले होते. हारासिमही लढाईत बॉम्बफेकी विमानंच चालवायचा, हे बोलता बोलता कळलं, तेव्हा आईने विचारलं, शेपटीत बसणाऱ्याला पुढचं दिसतं का?

"नाही, मावशी. त्याची बैठकच उलटी. विमान पुढे जातं, तो मागे बघत असतो."

आई त्याच्याकडे पुढे वाकली. मग म्हणाली, "सारा वेळ?"

"सारा वेळ. इंग्लंडहून निघालं की विमान उगवतीला जातं, तर त्याचं तोंड मावळतीला. घराकडेच म्हणा ना, आपल्या. परतताना उलट. परतताना जळणारं गाव दिसत राहतं त्याला. खूप वेळ दिसतं ते."

"माझा जाताना पडला," आई म्हणाली.

हारासिमने मान हलवली. मला गवताची गाडी दिसत होती, तिच्यामागे वाटेवर पडत गेलेली टरफलं दिसत होती.

तळं अगदी निश्चल होतं. आम्ही उतरलो त्याच्या लाटा काठाला लागून विरल्या आणि पाण्याने पुन्हा सगळं आकाश आत घेतलं. मला बोलायची भीती वाटली. काठावर गुडघाभर शेवाळ, माणसाच्या पावलाची खूण नाही. आईने सूर्याकडे बघून दिशा घेतली आणि उगवतीकडे तोंड करून उभी राहिली. मावळतीला बघणाऱ्याच्या अगदी समोर.

पहिल्या ओळीची वाट बघत होतो आम्ही दोघं, मी आणि हारासिम. ती ओळ तिने म्हटलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती बदलली.

नको वळवूस मुख, आहेच ते माझ्याकडे,
तुझी पाठ मरणाला, डोळे माझ्या दाराकडे.

आवाज म्हातारा होता, पण पाण्यावरून तो पार पलीकडच्या झाडांपर्यंत गेला आणि तिथून परत आला. दूर कुठेतरी पाणपक्ष्याने लांब साद दिली. हारासिमने टोपी काढली. आई गात राहिली. घोडे आले त्यात, टरफलं आली, न पोहता येणारे पाय आले. जळणारी गावं आणि तिथल्या आयाही आल्या. ऊन झाडांमागे गेलं तेव्हा तिने गाठोडं सोडलं आणि मूठमूठ माती पाण्यात सोडली. काळी माती क्षणभर धुरासारखी तरंगली, मग शांतपणे खाली गेली.

परतताना हारासिमने तिला हात देऊन पुढच्या बैठकीवर बसवायला घेतलं. तिने हात सोडवला. मागे मोकळ्या फळीवर रिकामं फडकं अंथरलं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटीकडे तोंड करून बसली.

"पुढचं दिसायचं नाही हं, मावशी," तो म्हणाला.

"पुढचं बघायला तू आहेस की," आई म्हणाली, आणि लहान होत जाणाऱ्या तळ्याकडे बघत राहिली.