खिसा नसलेला लाल झगा

मी एक लाल झगा बोलतोय. आधीच सांगून टाकतो, चूक रविराजची होती. दुकानाचीही थोडी होती, पण पोरीची मुळीच नव्हती. रविराज म्हणजे तिचा बाप. रॉटरडॅमला आयटीत आहे. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात समतेवर वीस मिनिटं बोलतो. मुलीचं नावसुद्धा त्यानं समताच ठेवलंय.

एका कारखान्यात, एकाच लाल ताग्यातून आम्ही दोघं भावंडं कापली गेलो. दोघंही आग विझवणाऱ्यांचे खोटे पोशाख, दोघांच्याही पाकिटावर आगीचा बंब. भावाला मिळालं जाड अस्तर, ढगळ पँट आणि चार खिसे. मला मिळाला गुडघ्याच्या वरच संपणारा घेर, उघडे खांदे आणि कमरेला चकचकीत पट्टा. खिसा एकही नाही. भावाच्या पाकिटावरचा मुलगा शिडी चढत होता. माझ्या पाकिटावरची मुलगी नुसती मान वाकडी करून हसत होती. मी पडलो कापड, मला काय कळणार? पण हे ठरवणारी माणसं मोठी होती, शिकलेली होती. त्यांना कळत होतं.

ऑक्टोबरात समता दुकानात आली. वय आठ, पुढचा दात अर्धाच उगवलेला. तिचा हात सरळ माझ्या भावाकडे गेला.

"बाबा, हा!"

"तो मुलांचा आहे गं. मुलींचा हा बघ, किती क्यूट."

"पण यात शिडी कशी चढणार?"

"शिडी कुठे चढायचीय? हॅलोविनची पार्टी आहे, नुसतं सोंग घेऊन जायचंय."

तिला शिडीच चढायची होती, आणि हे बापाला ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात शेजारच्या घरात आग लागून जिना धुरानं भरला, तेव्हा अग्निशमन दलातली एक उंच बाई शिडीवरून समताच्या खिडकीत आली होती. समता तिचा कापडी ससा सोडायला तयार नव्हती. बाईनं ससा आपल्या पँटच्या खिशात घातला, समताला काखेत घेतलं आणि दोघांना खाली आणलं. त्या दिवसापासून बापलेकीचा एक खेळ होता. मेट्रोच्या खिडकीतून रविराज एखादी इमारत दाखवायचा, "किती शिड्या?" ती मजले मोजून सांगायची, "चार! आणि आजीसाठी एक वेगळी!" तो म्हणायचा, "हुकूम, साहेब." हे बघायला मी तिथे नव्हतो. घरी ती मला अंगावर धरून सशाला सगळं सांगायची, तेव्हा कळलं.

तिची आजी गयाबाई तेव्हा नागपूरहून आलेली होती. तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"खिसा कायले नाही देल्ला रे याले? अन् पोरीले थंडी नाही वाजनार काय?"

"आई, फॅशन आहे ती."

"आग लागली तुह्या फॅशनले."

म्हातारीनं आपल्या जुन्या निळ्या पोलक्याच्या कापडाचा खिसा कापला आणि मला शिवला. टाके वाकडे होते, पण माझ्या अंगावर कुणी मायेनं घातलेले ते पहिलेच टाके. समतानं खाली सायकलवर घालायची पावसाळी पँट चढवली, पायाला चमकणाऱ्या पट्ट्या असलेली. खिशात ससा. आरशात बघून तिनं स्वतःलाच सलाम ठोकला. खरं सांगतो, त्या एका तासात मी खरोखर आगीत जाणाऱ्या बाईचा पोशाख होतो.

पार्टी तिथल्या आपल्याच मराठी लोकांची, एका हॉलमध्ये. फोटोची वेळ झाली.

"अगंबाई, ही रेनपँट काय घातलीस?" पार्टी भरवणाऱ्या वसुधाकाकू म्हणाल्या. "छान पाय दिसू देत की. बाकीच्या पऱ्या बघ कशा गोड दिसतायत."

"मी परी नाहीये," समता म्हणाली.

सगळे हसले. रविराजही हसला. मग तो खाली वाकून हळूच म्हणाला, "समू, एका फोटोपुरती काढ ना. आणि तो ससा दे इकडे, खिसा फुगलाय."

"बाबा, प्लीज."

"लोक थांबलेत, बेटा."

तिनं पँट काढली. ससा दिला. फोटोत सगळ्या मुली हात वर करून हसतायत. समता दोन्ही हातांनी मला खाली ओढतेय. मीही लांब व्हायचा प्रयत्न करत होतो. मला तेवढं कापडच दिलेलं नव्हतं.

"मॉडेल होणार बघा ही!" काकू म्हणाल्या. बाप काहीच बोलला नाही. वीस मिनिटं बोलू शकणारा माणूस.

परतताना मेट्रोत त्यानं विचारलं, "साहेब, या इमारतीला किती शिड्या?"

समता खिडकीबाहेर बघत होती. "माहीत नाही."

घरी आल्यावर तिनं आजीच्या मांडीवर बसून माझा निळा खिसा उसवला, हळूहळू, मला न फाडता. आता तो ससा त्यात झोपतो.

आज एप्रिल आहे. जुन्या कपड्यांच्या दुकानात द्यायच्या पिशवीत, दाराशी मी पडलोय. आत रविराज आरशासमोर भाषणाची तयारी करतोय. मला जी कुणी नेईल तिला एवढंच सांगा, खाली पँट घाल, आणि खिशाच्या जागी सुईची भोकं अजून आहेत, तिथे नवा खिसा लाव. फोटोला कुणी काही काढायला सांगितलं, तर काढू नकोस.

रविराजला तो फोटो मिळाला. शिड्यांचं त्यानंतर त्यानं तीनदा विचारलं. समता त्याच्याशी तो खेळ आता खेळत नाही.