दान झालेला राक्षस

मी एक जुना मुखवटा आहे आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे. राक्षसाचा मुखवटा, तो रागीटच असायचा, असे म्हणून हसू नका. कोरलेला राग वेगळा आणि आलेला राग वेगळा.

माझा जन्म पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर झाला. गोटीरामने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मला कोरले, सुळे पांढरे केले, डोळ्यांभोवती लाल रंग भरला. पाड्यावर दरवर्षी बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगे मुखवटे बांधून संबळाच्या ठेक्यावर नाचतात. त्यात राक्षसाचा मान गोटीरामच्या घराचा. त्या घराची रीत अशी, की जुना मुखवटा धड असेपर्यंत नवा कोरायचा नाही. म्हणजे राक्षस तो मीच. मी आलो की पुढे बसलेली पोरे आयांच्या पदराआड दडत. काय रुबाब होता माझा!

पोटासाठी गोटीराम काही वर्षे सातपूरच्या कारखान्यात राबला. तिथे त्याची भारतशी गट्टी जमली. दोघे एका खोलीत राहत, एका डब्यात जेवत. गोटीराम कायमचा पाड्यावर परतायला निघाला, तेव्हा मला भारतच्या हाती देऊन म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. बोहाड्याला घेऊन येत जा. त्या निमित्तानं तुझंबी येणं होईल."

ऐकलेत ना? मी नुसते निमित्त होतो. त्याला हवा होता मित्र.

सुरुवातीला भारत दरवर्षी मला घेऊन गेला. मग ओव्हरटाइम आला, मग घराचे बांधकाम, मग नुसता फोन. मी त्याच्या हॉलच्या भिंतीवर धूळ खात बसलो. पाहुण्यांना तो छाती फुगवून सांगे, की ही माझ्या कलाकार मित्राची आठवण. अरे, आठवण असती तर गेला असतास! गोटीराम वारला तेव्हा हा दहाव्याला जाऊन आला, पण मला खिळ्यावरच ठेवून. तिकडे बोहाड्यात गोटीरामचा मुलगा तोंडाला काजळ फासून राक्षस नाचत होता.

या वर्षी थंडी सरताना कॉलनीच्या मंडळाने डोंगरातल्या एका पाड्याला पाण्याची टाकी बांधून द्यायचे ठरवले आणि त्यासाठी लिलाव मांडला. प्रत्येकाने आपली लाडकी वस्तू द्यायची होती. कुणी बंद पडलेला मिक्सर दिला, कुणी न चालणारे घड्याळ. भारतने मला दिले. माइकवर त्याने गोटीरामच्या मैत्रीचे गोडवे गायले, टाळ्या पडल्या. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच! गंगापूर रोडच्या एका हॉटेलवाल्याने सर्वांत मोठी बोली लावली. त्याला मी जेवणाऱ्यांच्या डोक्यावर टांगायला हवा होतो.

तेवढ्यात पाड्यातर्फे सत्कारासाठी बोलावलेली बाई मंचावर आली. ती भागुबाई होती, गोटीरामची बायको. खांद्यावर शाल पडली, हाती नारळ आला, आणि टेबलावर तिला मी दिसलो.

"भारतभाऊ, ह्यो हितं कसा?"

"वहिनी, दान केला. तुमच्याच पाड्याच्या टाकीसाठी," भारत कौतुकाची वाट पाहत म्हणाला.

"आमचाच आमाला दान करता व्हय? त्यांनी तुमाला ठेवाया दिलता. तुमी यावं म्हून."

मंडळाचा अध्यक्ष पुढे सरसावला, मावशी, बोली झाली आहे, असे काहीतरी पुटपुटला. भागुबाईने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. सत्काराची शाल काढून तिने मला तीत गुंडाळले आणि ती पायऱ्या उतरली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. भारत मागून धावला. टाकीच्या पैशांत कमी पडेल ते मी घालतो, म्हणाला. तिने मागे वळून पाहिले नाही.

यंदाच्या बोहाड्यात गोटीरामच्या मुलाने मला बांधले. गर्दीत भारत उभा होता. मी नाचत त्याच्यासमोर गेलो आणि संबळ थांबेपर्यंत तिथेच पाय आपटले. त्याने मान वर केली नाही.

मित्रांनो, दान जरूर करा. पण आधी पाहा, ती वस्तू तुमची आहे की कुणी विश्वासाने तुमच्या हाती ठेवलेली आहे. आणि मित्र बोलावतो आहे तोवरच जा. भारत आता दरवर्षी येईन म्हणतो. येऊ दे. पण वाटेकडे डोळे लावून बसणारा आता राहिला नाही.