मुक्काम उमरगा

समद ठिबक सिंचनाच्या कंपनीत धाराशिवच्या ऑफिसात होता. फिरतीवरच्या माणसांनी कंपनीनं ठरवलेल्या हॉटेलातच उतरावं, बुकिंग ॲपवरूनच करावं, हे त्यांच्या गळी उतरवणं त्याच्याकडं होतं. माणूस कुठं आहे ते कळलं तर अडीअडचणीला धावता येतं, असं पुण्याचे साहेब सांगत. नियम वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

अडून बसला तो महांतप्पा. वीस वर्षं तो मुरूमला दुकानदाराच्या गोदामात सतरंजी टाकून झोपायचा.

"समदभाई, शेतकरी सहाला तिथंच येतेत. उमरग्याच्या हॉटेलात एसी लावून कुणाची वाट बघू?"

समदनं विनवलं, चहा पाजला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो म्हणाला, "अप्पा, झोपा कुठंबी. बुकिंग म्या करतो." हॉटेलच्या मॅनेजरला सांगून ठेवलं, आमचा माणूस आला असं ॲपवर लावत जा. महिन्याभरात सगळ्या नावांपुढं हिरवी खूण आली. पुण्याहून शाबासकी आली, ती घेताना समदला लाज वाटली नाही.

अमावास्येच्या सकाळी सातला नळदुर्गहून महांतप्पाच्या बायकोचा, हरणाबाईचा फोन आला.

"भाऊ, ह्ये फोन उचलंनात. माझा भाऊ मुरूमलाच हाय, गोदामाकडं धाडू का?"

समदनं ॲप उघडलं. महांतप्पा, उमरगा, खोली एकशे चार. खूण आपणच लावायला लावली, हे त्याला ठाऊक होतं. पण रोज बघून बघून ती त्यालाच खरी वाटायला लागली होती. "कशाला, वहिनी? हॉटेलात हायेत. झोप लागली असंल."

नऊला तिचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यानं मुरूमच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार परगावी गेलेला. अमावास्या म्हणून दुकान बंद, शेतकरीही फिरकले नव्हते. समदनं गोदामाच्या शेजाऱ्यांना फोन करून दार तोडायला लावलं. महांतप्पा जिवंत होता, अर्धं अंग गेलेलं. सोलापूरला पोचेपर्यंत संपला. दोन तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी समद नळदुर्गला गेला, सगळं कबूल करायचं ठरवूनच. हरणाबाई त्याला बघून पदर सावरत उठली. जमलेल्यांना म्हणाली, "ह्येंनीच दार तोडायला लावलं. न्हायतर कुणाला कळलंबी नसतं."

मग तिनं त्यालाच विचारलं, "पन भाऊ, हॉटेलात झोपलेला मानूस गोदामात कवा गेला हो?"

सगळे समदकडं बघत होते.

"पहाटंच गेले असतील, वहिनी," तो म्हणाला.