सव्वा तासाचं अंतर

उंडे चार होते... टोपलीत रोजच्या दोनांऐवजी चार, अजून ऊन, आणि विनोदिनी त्यांच्याकडे बघत बसली होती – दुसऱ्याच कुणाच्या घरचे चुकून आपल्याकडे आल्यासारखं. एकट्या बाईला दोन पाव दिवसभर पुरून उरतात. पण मघाशी पाववाला पोदेर फाटकाशी सायकल लावून उभा होता, शेजारचा गौरेशही तिथेच होता, मोपाच्या विमानतळावर रातपाळी करून आलेला, डोळे लाल. आणि तो सहज बोलून गेला होता –

"मावशे, काल राती प्रज्योत दिसलो मोपार. बॅग घेवन भायर सरत होतो. घरा पावलो मगे?"

"पावलो तर! न्हिदलो आसा अजून," ती म्हणाली, आणि पोदेराकडे वळून, "आज चार दी."

झोपलाय म्हणे! इतकं खोटं इतक्या पटकन कसं सुचलं? लेकाची लाज झाकली म्हणावं, तर लाज त्याची की आपली, हेही तिला धड सांगता आलं नसतं. मोपाहून त्यांचं तुये गाव अर्ध्या तासावर. तो उतरला आणि आला नाही. ऑफिसचं काम असेल... मित्र असतील, समुद्रावरचं एखादं हॉटेल... किंवा कुणी मुलगी असेल. असू दे की, तिलाही वाढलं असतं! विनोदिनीला राग आला, चांगला सणसणीत राग, आणि तो काढायला घरात कुणीच नव्हतं.

पूर्वी तो हैदराबादहून बसने यायचा. रात्रभर, आणि वर अर्धा दिवस – चतुर्थीला, शिमग्याला, बापाच्या श्राद्धाला. पाय सुजलेले, शर्ट चुरगळलेला, आणि दारातूनच 'आये, भूक' म्हणून ओरडणं. मग मोपाला विमानं उतरायला लागली. 'सव्वा तास, आये! तू रांधूक लाग, जेवण जायसर हांव पावतलंय.' किती हसली होती ती तेव्हा; सगळ्या वाड्यावर सांगत सुटली होती. आणि त्या सव्वा तासानेच घात केला. कधीही येता येतं, म्हटल्यावर आजच कशाला यायचं? दोन चतुर्थ्या अशाच गेल्या.

दुपारी गौरेशची आई वत्सला कुंपणाशी आली. "उठलो गे प्रज्योत?"

"खंय! दमलो आसा." आणि आत येऊन विनोदिनीने त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं. न जाणो, ही बया सरळ आत यायची. मग तिने माशांचं तिखट आंबट हुमण केलं, त्याला आवडतं तसं, दोघांपुरतं – का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"खंय आसस रे?"

"ऑफिसात, हैदराबादेक. आनी खंय आसतलंय?" तो हसला. "येतंय गे एक दिवस. सव्वा तासाचा तर अंतर."

विचारावं... ओठांवर आलं होतं. विचारलं तर तो आणखी एक खोटं बोलेल, आणि तेही आपल्याला ऐकून घ्यावं लागेल. "जेवलस?" एवढंच तिने विचारलं.

"आये, इतक्या हळू कित्याक उलयतंस?"

विनोदिनी दचकली. खरंच की, ती कुजबुजत होती... सकाळपासून घरात एक भांडं तिने वाजू दिलं नव्हतं, पाऊलसुद्धा जपून टाकत होती. तिने बंद दाराकडे पाहिलं. आत खाट रिकामी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही, आत कुणी कूस बदललीच तर ऐकू यावं, म्हणून तिने फोन कानापासून जरा दूर धरला.