प्रॉस्पेक्टिव्ह सरपंचांचा फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. बारामतीच्या एका छपाईच्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्यावर निरवांगीच्या सर्जेरावांचा गॉगलवाला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘प्रॉस्पेक्टिव्ह सरपंच’. ‘भावी’ सगळेच लिहितात, म्हणून त्यांच्या पुतण्याने, सुयोगने, हे इंग्रजी विशेषण शोधले होते.

मला रस्त्याकडेला उभे केले ते नेमके रंगूबाईच्या पेरूच्या टपरीपुढे. रंगूबाई ही सर्जेरावांच्या भावकीतली विधवा भावजय. माझ्याआड टपरी दिसेनाशी झाली, गाड्या थांबेनात, पेरू पाटीतच नासू लागले.

“भाऊजी, दोन हात पलीकडं रोवा की. माझं पोट हाय ह्याच्यावर.”

“सरपंचाला शिकवतीस व्हय? गप बस,” सर्जेराव गुरकावले.

माझी मान शरमेने खाली गेली असती, पण ती चारही बाजूंनी सुतळीने आवळलेली होती. त्या दिवसापासून मला माझ्या मालकाची चीड आली.

एकदा शाळेच्या वृषालीबाई मुलांना घेऊन माझ्यापुढे थांबल्या. म्हणाल्या, “प्रॉस्पेक्टिव्ह म्हणजे अजून न झालेला, पण होईल अशी अपेक्षा असलेला. सोयरीक जुळवताना पाहतात तो प्रॉस्पेक्टिव्ह नवरा. लग्न लागलं की हा शब्द काढून टाकायचा.”

मागून रंगूबाई आली. “म्हंजे भाऊजी आजून सरपंच झालंच न्हाईत?”

“नाही. नुसती अपेक्षा आहे.”

“मग ती मला बी करता येती,” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सरपंचपदाच्या निवडणुकीचा अर्ज भरून आली.

सर्जेरावांनी तिची टिंगल केली, तिच्या पेरूच्या बागेचे पाणी अडवले. मत मागायला मात्र ते कुणाच्या दारी गेले नाहीत. रस्त्याकडेला उभा असलेला मी फ्लेक्सच पुरेसा आहे असे त्यांना वाटले. रंगूबाई एक्केचाळीस मतांनी निवडून आली. सर्जेरावांनी मला फाडून खड्ड्यात फेकले.

रंगूबाईने मला उचलून शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा म्हणून बांधले. परवा सर्जेराव दाखल्यावर सही घ्यायला आले आणि मला पाहून लालेलाल झाले.

“काढ ते. माझं तोंड हाय त्याच्यावर.”

“शेळ्यांना वारं लागतंय, भाऊजी. तुमीच दोन हात पलीकडं उभं ऱ्हावा.”

मित्रांनो, काय व्हायचे आहे ते खुशाल लिहा, पण दुसऱ्याचे दुकान झाकून लिहू नका. माझा खालचा कोपरा शेळीने खाल्ला आहे. त्यात ‘सरपंच’ गेला. ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ तेवढा शाबूत आहे.