तिसऱ्या पडद्याच्या पलीकडे

मी गिटार बोलतेय. बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरून बोलतेय आणि अंगावर एकही तार नसताना बोलतेय. तेव्हा आवाज बारीक आला तर सांभाळून घ्या.

माझ्या जन्मात अभिमानाने सांगावं असं काही नाही. कोणा कारागिराने मला मांडीवर घेतलं, लाकडावर बोट वाजवून कान लावला, वगैरे भाग्य माझ्या कपाळी नव्हतं. प्लायवूड, डिंक, दाबयंत्र, पॉलिश आणि खोका. खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलेलं. लग्नाच्या बाजारात एखादीला ‘स्वभावाने चांगली आहे’ म्हणतात, तसाच तो शब्द.

मला विकत घेणारा गृहस्थ नळांच्या कारखान्यात तपासनीस होता. नळ हातात घ्यायचा, फिरवायचा, पाणी सोडून पाहायचं आणि दोष सापडला की त्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची, ‘बाद’. चिठ्ठीवर खाली ‘कारण’ अशी एक ओळ. कारण लिहिल्याशिवाय काही बाद करायचं नाही, हा नियम तो इतका कसोशीने पाळी की कामगार म्हणत, हा स्वर्गात गेला तर अमृताची धारही बाद करील, पण कारण लिहून. घरातही तेच. चहा बाद व्हायचा, इस्त्री बाद व्हायची, बायकोचं हसणंसुद्धा एकदोनदा झालं. पण प्रत्येक वेळी कारण मिळायचं. त्या बाबतीत माणूस न्यायी.

कारखान्याच्या स्नेहसंमेलनात हिशेब विभागातल्या कोणीतरी गिटार वाजवून टाळ्या घेतल्या, ते याला सोसलं नाही. म्हणून मी आले. दर रविवारी शिकवायला एक सर येऊ लागले. माझ्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना पडदे म्हणतात; याची बोटं पहिल्या पडद्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली आणि तिथेच त्यांनी बिऱ्हाड केलं. सर म्हणायचे, “सराव कमी पडतोय.” हा म्हणायचा, “सर, गिटारच बरोबर नाही.” नाचता येईना अंगण वाकडं, या म्हणीतलं ते अंगण म्हणजे मी.

खरं सांगायचं तर अंगण थोडं वाकडं होतंच. माझ्या तारा इतक्या उंच होत्या की दाबताना बोट कापलं जाई.

शिकवणी चालू असताना त्याची बायको त्याच खोलीत इस्त्री करत बसे. ती घरी पडदे शिवून द्यायची. खिडक्यांचे म्हणतेय मी. सर नवऱ्याला सांगायचे आणि ते मुरायचं बायकोत. दुपारी तो कामावर असताना ती मला पुसायला घ्यायची. आधी फडक्याने, मग नुसत्या हाताने, मग एक दिवस एका तारेवर बोट. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा तसाच लोंबत राहायचा.

एका दुपारी तिने तारा सैल केल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडीवरची पांढरी पट्टी काढली आणि पॉलिशपेपरवर घासत बसली. घासायची, बसवून बघायची, पुन्हा काढायची. तारा खाली आल्या. संध्याकाळी नवऱ्याने मला हातात घेतलं आणि म्हणाला, “बघ, सरावाने हात कसा बसतो.” ती म्हणाली, “हो ना.”

मग तिचा हात वर वर जाऊ लागला. सातवा पडदा, नववा, त्याहूनही पुढे. आपल्या पोटात असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. प्लायवूडला सांगणार कोण? वाजवून झालं की ती मला होते तशी कोपऱ्यात टेकवायची आणि त्याने सकाळी जी तार बेसूर ठेवली असेल ती पुन्हा तेवढीच बेसूर करून ठेवायची. संसार असाच टिकतो म्हणतात.

पुढे त्याने जाहीर केलं की आता चांगली गिटार घ्यायची, वायर जोडून स्पीकरवर वाजते ती, अकौस्टिक-इलेक्ट्रिक. खेळण्यावर कोण शिकतं? तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, “अहो, नवी आली की ही मी घेऊ?”

“तू? काय करणार तिचं?”

“असंच. वाजवून बघेन.”

तो हसला. “घे की. बाद मालाचं मी काय करणार आहे?”

त्या दुपारी तिने वाजवलं नाही. मला मांडीवर घेऊन नुसती बसली आणि म्हणाली, “ती आली की तू माझी. मग चोरून नाही.”

दुकानात बायकोबरोबर मलाही नेलं. नमुना शेजारी ठेवल्याशिवाय तुलना कशी करणार, हा तपासनिसाचा शिरस्ता. दुकानदार मध्यमवयीन, पोनीटेल बांधलेला, बोलका. त्याने एक चकचकीत निळी गिटार काढली, वायर जोडली आणि एकच झंकार दिला. दुकान दणाणलं. तपासनिसाने मान डोलावली. ती हळूच म्हणाली, “अहो, वायर काढून ऐकूया का?”

दुकानदार खूश झाला. म्हणाला, वहिनी अगदी बरोबर बोलल्या, पोटातलं यंत्र उद्या बदलता येतं, लाकूड नाही बदलता येत. वायर काढल्यावर निळीचा आवाज फळीवर टकटक केल्यासारखा आला. मग त्याने साध्या मातकट रंगाच्या चारदोन वाजवल्या. त्यांतल्या एकीची दर्शनी फळी अस्सल, सबंध लाकडाची होती. ती वाजली तेव्हा बायकोने डोळे मिटले. तपासनिसाने ते पाहिलं. पाहणं हाच त्याचा धंदा.

मग दुकानदाराने मला उचललं. “ही पट्टी कोणी घासली हो? छान बसवलीय.”

“कंपनीतूनच तशी आली असेल,” तपासनीस म्हणाला.

दुकानदाराने माझ्या मानेवरून बोट फिरवलं. “आणि साहेब, हात चांगलाच वर जातो की तुमचा. हे बघा, सातव्या-नवव्या पडद्यावर तारेच्या खाचा. मग खांद्याला काप दिलेलीच घ्या, बोटं आणखी वर पोचतील.”

क्षणभर तो फुललासुद्धा. स्तुती म्हणजे चुकीच्या पत्त्यावर आलेली मिठाई, माणूस आधी खातो आणि मग पत्ता वाचतो. पण नळ कोणत्या बाजूने फिरवला गेला हे त्याच्या झिजेवरून सांगणारा माणूस तो. त्याने मला उजेडाकडे तिरकी धरली. पहिले तीन पडदे पाहिले, पुढचे पाहिले. मग बायकोच्या डाव्या हाताच्या घट्टे पडलेल्या बोटांकडे पाहिलं. तिने मूठ मिटली.

“कापवालीच द्या,” तो म्हणाला. हिने डोळे मिटून ऐकली होती ती, कापवालीच होती.

दुकानदाराने विचारलं, ही जुनी बदल्यात देताय का? तो म्हणाला, “नाही. ही घरीच राहील.”

बिचारीला वाटलं, शब्द पाळला. परतीच्या वाटेवर तिने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी झाल्यावर, त्याने पक्कड आणली. तारा सैल करून काढता आल्या असत्या. त्याने कापल्या, जाडीपासून बारकीपर्यंत, एकेक. शेवटची अगदी बारीक बोलली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“अहो, ती मला देणार होतात ना?”

“दिली की. भिंतीवर राहील, तुझ्या डोळ्यांसमोर.”

त्याने खिशातून कारखान्याची लाल चिठ्ठी काढली, माझ्या पाठीवर चिकटवली आणि पेन उघडलं.

“काय चुकलं तिचं?” तिने विचारलं. “कारण तरी सांगा.”

मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि खिळा ठोकायला घेतला.

नव्या गिटारीच्या पेटीला आकड्यांचं कुलूप आहे. आत नाजूक यंत्र असतं, कोणी उगाच हात लावू नये, असं त्याने सांगितलंय. सुरुवातीचे काही रविवार तो स्पीकरवर वाजवत असे. तेच पहिले तीन पडदे, पण आता चुका शेजारपाजारपर्यंत पोचायच्या. एकदा सर म्हणाले, “गिटार आता उत्तम आहे.” ते वाक्य तिथेच संपवणं फार वाईट होतं. अंगण सरळ झालं होतं. पुढच्या रविवारी त्याने सरांना येऊ नका म्हणून कळवलं. आता ती नवी गिटार पेटीतच असते. मध्ये एकदा आतल्या आत तार तुटल्याचा आवाज आला. कोणी उघडून पाहिलं नाही. बहुधा तिच्या पोटातला सेलही पाझरत असेल. मला तिचा हेवा वाटायचा, तो आता वाटत नाही.

मी मात्र शोभेची झाले. पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट दाखवतो. “माझी पहिली गिटार. हिच्यावरच हात तयार केला.” परवा त्याचे साहेब सहकुटुंब आले होते. साहेबांच्या बायकोने सहज विचारलं, “तुम्हीही वाजवता का हो?”

तिच्या आधी तोच म्हणाला, “ही? हिला कानच नाही.”

तिने कपांचा ट्रे ठेवला. “नाही हो,” म्हणाली. “मी पडदे शिवते.”

आधी ती दुपारी मला पुसता पुसता, तारा नसलेल्या मानेवर बोटं दाबून बघायची. सातवा, नववा, पुन्हा सातवा. आता नुसतं फडकं फिरतं. तिच्या बोटांची टोकं मऊ झालीत. सुई टोचली तर लागतं, असं ती शेजारणीला सांगत होती.

वाचकहो, नवी गिटार घ्यायला गेलात तर लाकूड पाहा, वायर काढून ऐका, मान हातात बसते का बघा. दुकानदार सांगेल ते सगळं करा. फक्त जुनीला सोबत नेऊ नका. आम्हाला खोटं बोलता येत नाही.

आणि कधी या घरी आलात तर मला खिळ्यावरून उतरवून जरा उलटी करून पाहा. लाल चिठ्ठी अजून पाठीवर आहे. कारणाची ओळ कोरीच आहे.