घडीची पेटी

अंबरीशच्या कार्डावर 'विंटेज क्युरेटर' असं छापलेलं होतं. माधवगंजात त्याचा अर्थ लोकांनी 'भंगारवाला, पण शिकलेला' असा लावला होता, आणि त्यात फारशी चूक नव्हती. विम्याची नोकरी सोडून दोन वर्षं तो लोकांच्या माळ्यावरच्या जुन्या वस्तू स्वस्तात उचलत होता. त्या घासूनपुसून, डागडुजी करून इन्स्टाग्रामवर टाकायच्या आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. यातलं वाट बघण्याचं काम सर्वांत नियमित चाले.

घर त्याची बायको पद्मा हिच्या पगारावर चालत होतं. तिने तसं कधी बोलून दाखवलं नाही. फक्त येत्या रविवारी बहिणीच्या नवऱ्याला, मुकुंदरावांना, इंदूरहून जेवायला बोलावलं. मुकुंदरावांचं टाइल्सचं शोरूम होतं आणि त्यांना एक मॅनेजर हवा होता.

"रविवारपर्यंत तुझी घडी विकली गेली, तर मी विषय काढणार नाही," पद्मा म्हणाली. "नाही गेली, तर तेच काढतील."

घडी म्हणजे घड्याळ. दोन-तीन पिढ्या हिंदीच्या शेजारात काढल्यावर घरातले काही शब्द असे कुणालाही न विचारता बदलले होते. हे घड्याळ म्हणजे झाशीहून आणलेलं एक जुनं जर्मन यंत्र, तबकडी आणि लंबक. ओरछ्याचा एक हॉटेलवाला त्याचे पस्तीस हजार द्यायला तयार होता, पण त्याची अट होती की भोवतीची लाकडी पेटीही जुनीच हवी. यंत्र ठणठणीत होतं आणि पेटी नव्हती. अंबरीशने पडावापासून मुरारपर्यंत गावातली सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली होती.

आणि गुरुवारी सकाळी लीलाताईंचा फोन आला. "तू जुन्या वस्तू घेतोस ना रे? आमच्याकडे ह्यांची घडीची पेटी पडून आहे. येता-जाता पायात येते. बघून जा."

लीलाताई राहत पाटणकर बाजारात, एका साडीच्या दुकानाच्या वर. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत. अंबरीश पंधरा मिनिटांत पोचला आणि खाली दुकानापाशी दहा मिनिटं थांबला. लगबगीने आलेल्या माणसाला वस्तू महाग पडते. धंद्यातला त्याचा दुसरा नियम असा होता की जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दुसऱ्याच कशाचं तरी कौतुक करायचं, त्यावर घासाघीस करायची, आणि हवी ती वस्तू 'हीपण टाका यात' म्हणून सहज उचलायची.

पेटी दिवाणाखाली होती, जुन्या चादरीत बांधलेली. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून माप घेतलं. दोन फूट लांब, फूटभर रुंद. अगदी बेतशीर. मग तो तांब्याच्या बंबाकडे वळला.

"काकू, बंब काय सुंदर आहे हो!"

"गळतो," लीलाताई म्हणाल्या.

"गळू दे. अडीच हजार देतो. आणि ती चादरीतली पेटी... तिचे हजार-बाराशे धरू. वाजत होती ना?"

"वाजत होती म्हणजे? रोज संध्याकाळी सातला. खालचा दुकानदार म्हणायचा, तुमची पेटी वाजली की मी गल्ला मोजायला घेतो."

म्हणजे ठोके मोठे असणार, अंबरीशने मनात नोंद केली. "आता बंद?"

"हे गेल्यापासून अकरा वर्षं. आत उंदरांनी काय केलंय देव जाणे."

"आतलं कसंही असू दे, तो प्रॉब्लेम नाही. आतलं मी सगळं काढून फेकणार. मला बस लाकूड पाहिजे."

लीलाताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वर्गात एखाद्याने अपूर्णांकांची बेरीज करताना छेदात छेद मिळवावा, तेव्हा बघत तसं.

"सगळं?"

"सगळं. माझ्याकडे जर्मनीचं आहे, ते बसवतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आल्या तेव्हा हातात स्क्रू काढायचा पेचकस होता. "मग इथेच काढ. आतलं मला ठेवून जा. लाकूड ने बाराशेला."

यात अंबरीशला गैर काही दिसलं नाही. त्याने पेटी ओढली, चादर सोडली, दोन पितळी कड्या उघडल्या. झाकण वर झालं, बाजूच्या फळ्या उलगडल्या, खाली चार पाय सुटले आणि पायांच्या मधे हवा भरायला पायाने दाबायचे दोन पायटे. वर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची रांग, पिवळ्या पडलेल्या दातांसारखी. एक पट्टी चुकून दाबली गेली आणि पायट्याला गुडघा लागला. आतून दमेकऱ्याचा असावा तसा एक सूर निघाला.

पायपेटी. घडी करून नेता येते ती. आतल्या बाजूला पॅरिसच्या सुरांचा, म्हणजे आतल्या पितळी जिभांचा, शिक्का. चांगली करून विकली तर पंचावन्न हजार कुठे गेले नाहीत, एवढा हिशेब त्याच्या डोक्यात सूर थांबायच्या आत झाला.

"ही तर बाजाची पेटी आहे!"

"मग कशाची हवी होती?"

"घडीची. तुम्हीच म्हणालात."

"घडीचीच आहे. घडी होते तिची."

"आम्ही घड्याळाला घडी म्हणतो, काकू."

"अस्सं. आणि कपड्यांची घडी घालता तेव्हा?"

"तह करतो."

"तह लढाईनंतर करतात," लीलाताई म्हणाल्या. पेचकस अजून त्यांच्या हातात होता. "काढ. कुठून सुरुवात करतोस?"

"नाही, पूर्णच घेऊन जातो ना."

"बोली लाकडाची झाली. पूर्ण हवी तर पूर्णाची किंमत सांग."

"पाच हजार."

लीलाताईंनी पेचकस पुढे केला.

"आठ. एकदम सही सांगतो, आठच्या वर..."

"अंबरीश, उत्तर चुकलं म्हणून मी मुलांना कधी रागावले नाही. पायऱ्या दाखव म्हणायचे." त्यांनी विजेच्या बिलाची कोरी बाजू वर करून त्याच्यापुढे ठेवली, वर पेन ठेवलं. "दाखव."

विकणाऱ्याला वस्तूची खरी किंमत सांगायची, तीही लेखी, हे अंबरीशच्या एकाही नियमात बसत नव्हतं. पण पेटी सोडून उठणंही त्याला जमेना. त्याने लिहिलं. विक्री पंचावन्न हजार. सूर लावून आणायचे पाच. भात्याचं कातडं अडीच. पॉलिश आणि किरकोळ दीड. उरले सेहेचाळीस.

लीलाताईंनी चष्मा लावला. "आणि यातले तू मला आठ देत होतास."

अंबरीशने बंबाकडे पाहिलं.

"तरी उत्तर चुकलंय," त्या म्हणाल्या. "एक पायरी गाळलीस. हे सगळं करणार कोण?"

"मीच. लाकूड, भाता, पायटे, सगळं मी करतो."

"किती दिवस?"

"चाळीस लागतील."

"मग मजुरी कुठाय तुझी?"

मजुरी हा शब्द अंबरीशला आवडला नाही. त्याचे पूर्वज दरबारात कारकुनी करत. मजुरी इतरांची लिहीत. "मजुरी कसली, काकू? तोच तर नफा."

"सुताराला काय रोज देतोस?"

"पाचशे."

लीलाताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं: चाळीस गुणिले पाचशे, वीस हजार. उरले सव्वीस. अंबरीश त्या वीस हजारांकडे बघत राहिला. मग मनातल्या मनात त्याने घड्याळाचा हिशेब मांडला. पस्तीस हजारांतून यंत्राचे अकरा गेले. यंत्रावर चव्वेचाळीस दिवस घातले होते, त्यांचे बावीस. उरले दोन. झाशीच्या तीन खेपा धरल्या, तर तेही नाहीत. गेल्या वर्षीचे ग्रामोफोन, कंदील आणि आरामखुर्च्या मांडायचं त्याने टाळलं.

"आता ऐक," लीलाताई म्हणाल्या. "मी पेटी आत्ता विकत नाही. अर्धमेली वस्तू आठ हजारांना कोण देतं? तू दुरुस्त करून दे. खर्च माझा, मजुरी तुला, काम होत जाईल तशी दर शनिवारी. गिऱ्हाईक मी बघीन. माझ्या हाताखालून गेलेली मुलं गावभर आहेत, त्यांतली चार तरी गातात."

"म्हणजे मी कारागीर?"

"कार्डावर काय लिहायचं ते तुझं तू बघ."

अंबरीशने खिडकीतून खाली बाजार पाहिला. थोडा वेळ तो नाराज राहिला, जेवढं राहायला हवं तेवढा. "साडेपाचशे रोज," तो म्हणाला. "सुतार पायपेटीला हात लावत नाही."

लीलाताई पहिल्यांदा हसल्या. "सव्वापाचशे. आणि बंब?"

"बंब नको."

"वाटलंच."

पेटीची घडी करून तो ती घेऊन जिना उतरला. ती चांगलीच जड होती. रिक्षात बसल्यावर पद्माचा फोन आला.

"मिळाली का पेटी?"

"मिळाली. पण बाजाची. घडी काही आता विकली जात नाही. काम मिळालंय. एकवीस हजारांचं."

"कसलं काम?"

"दुरुस्तीचं. मजुरी," अंबरीश म्हणाला. शब्द तोंडातून बाहेर पडला, तरी रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं नाही.

"किती दिवसांचं?"

"चाळीस."

"ठीक आहे," पद्मा म्हणाली. "मग भावजींना सांगते, चाळीस दिवसांनी जेवायला या."